तोच हा गकार

मराठीत ‘आचार्यांना’ जेवायला बोलावतात आणि ‘आचाऱ्यांना’ जेवण करायला. र आणि य जोडताना वर रफार द्यायचा की ती आडवी नागमोडी रेघ काढायची, एवढ्यावर गुरुजी आणि स्वयंपाकी वेगळे होतात. शाळेत हे सगळ्यांनीच घोटलेलं असतं. तीन वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिम्सना मात्र हाच फरक सारखा कळत नाही. तो कसा, ते सांगितल्याशिवाय मला पुढचं बोलता येणार नाही.

आम्ही काही जण मिळून जुन्या मराठी ग्रंथांची शब्दसूची करणारा एक छोटा प्रोग्रॅम लिहितो. मुक्त स्रोत, फुकट, कुणालाही पगार नाही. ग्रंथात आलेल्या प्रत्येक शब्दरूपाची एक फाइल, आणि फाइलचं नाव म्हणजे तो शब्दच, अशी मूळ कल्पना होती. नागपूरचा एक मुलगा आहे, कॉलेजपासून लिनक्सवरच वाढलेला. ठाण्याच्या एक निवृत्त ग्रंथपाल आहेत, त्यांच्याकडे मुलाने वापरून दिलेला जुना मॅक. मी विंडोजवर, कारण सगळी नोकरी विंडोजसमोर गेली. मी एम.ए. तत्त्वज्ञानात केलं आणि पोटासाठी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम केलं. लोकांना हे विचित्र वाटतं. पण दोन्हीकडे ‘असं कशावरून?’ हाच प्रश्न विचारायचा असतो, फक्त एकीकडे त्याचे पैसे मिळतात.

तर मी एक चाचणी बसवली. युनिकोडमध्ये त्या आडव्या रेघेचा र तीन प्रकारे लिहिता येतो. एक, त्यासाठी असलेलं स्वतंत्र अक्षर, खाली टिंब असलेला ऱ. दोन, साधा र आणि त्याच्यामागून सुटं टिंब, म्हणजे नुक्ता. तीन, साधा र, हलन्त, आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह. पडद्यावर तिन्ही ‘आचाऱ्यांना’ असेच दिसतात, भिंग लावलं तरी. चौथं नाव रफाराचं, गुरुजींचं. ही चार नावं घेऊन मी तिन्ही यंत्रांवर चार फायली तयार करायला सांगितल्या.

लिनक्सवर चार झाल्या. लिनक्सच्या कर्नलला नाव म्हणजे बाइटची ओळ. तिरकी रेघ आणि शून्य बाइट एवढं सोडलं तर काहीही चालतं. पहिल्या प्रकारचा ऱ तीन बाइटचा आणि दुसऱ्या प्रकारचा सहा बाइटचा, म्हणजे नावं वेगळी, विषय संपला. विंडोजवरही चारच झाल्या. पण विंडोज हे काही लिनक्सच्या पंथाचं नव्हे. इंग्रजीत कॅपिटल आरचा ‘राम’ आणि छोट्या आरचा ‘राम’ विंडोजला एरवी एकच वाटतो, लिनक्सला दोन. देवनागरीत लहान-मोठी लिपी नसल्यामुळे हा मतभेद आपल्यापर्यंत पोचत नाही, एवढंच.

जुन्या मॅकवर दोन झाल्या. तिथल्या एचएफएस प्लस या फाइल सिस्टिमची रीत अशी की नाव साठवण्यापूर्वी त्याची फोड करायची. टिंबाचा ऱ आला की त्याचे र आणि टिंब असे दोन तुकडे होतात, त्यामुळे पहिलं आणि दुसरं नाव एक झालं. हे अगदी शहाणपणाचं आहे. पण नावांची तुलना करताना ती काही अदृश्य चिन्हं वगळते, आणि त्या यादीत आपला जॉइनरही आहे. तो वगळला की तिसऱ्या नावात उरतं काय? र, हलन्त, य. म्हणजे रफार! माणसाला विचारलं असतं तर त्यानेही फायली दोनच सांगितल्या असत्या, पण तीन आचारी एकीकडे आणि गुरुजी एकीकडे. मॅकच्या हिशेबात तिसरा आचारी उठून गुरुजींच्या पंगतीला बसला होता.

नागपूरचा मुलगा हसून म्हणाला, “ताई, म्हणून म्हणतो, नावात डोकं घालायचंच नाही. बाइट म्हणजे बाइट.”

मला त्या क्षणी एम.ए.च्या वर्गातला एक वाद आठवला, जो शिकताना मला निव्वळ हट्टाचा वाटला होता. मीमांसक म्हणत, वर्ण नित्य आहे. तुम्ही ‘ग’ म्हणालात, मी ‘ग’ म्हणाले, उद्या आणखी कुणी म्हणेल, तो ‘ग’ एकच. उच्चार त्याला फक्त प्रकट करतात. पुरावा काय? ऐकणारा दर वेळी ओळखतो, की तोच हा गकार. नैयायिक म्हणत, छे. प्रत्येक उच्चार उत्पन्न होतो आणि नष्ट होतो. दोन गकार दोनच. तुम्हाला ‘तोच’ वाटतो कारण दोघांची जात एक आहे. एकाच नमुन्याच्या दोन वस्तू बघून ‘तीच ही’ म्हणावं, तसं. मीमांसकांना वेदाचं नित्यत्व राखायचं होतं, त्यामुळे अक्षर मर्त्य असणं त्यांना परवडणारं नव्हतं. शबर आणि कुमारिल यांच्यासारखी माणसं यावर पानंच्या पानं लिहितात आणि समोरची बाजूही तितक्याच जिद्दीने उत्तर देते.

लिनक्सचा कर्नल पक्का नैयायिक आहे. दिसायला सारखे असतील, पण हे बाइट वेगळे, ते बाइट वेगळे. एचएफएस प्लस मीमांसक: लिहिण्याच्या तऱ्हा कितीही असोत, वाचणाऱ्याला जो ओळखू येतो तो एकच. गंमत म्हणजे दोघांच्याही मागे सद्‌हेतू आहे. कर्नलला जगातली कुठलीच लिपी येत नाही, म्हणून तो कुठल्याच लिपीवर अन्याय करत नाही. दुसऱ्याने लिप्या समजून घ्यायच्या ठरवल्या, म्हणून आपल्या आडव्या रेघेशी त्याची गाठ पडली आणि तिथे तो अडखळला. धर्मनिरपेक्षता आणि सर्वधर्मसमभाव यांवर आपल्याकडे जे वाद झाले त्यांचीच ही धाकटी आवृत्ती आहे. एकाला कुणाच्याच घरात पाऊल टाकायचं नाही, दुसऱ्याला प्रत्येकाच्या घरी जायचं आहे, आणि मग एखाद्याच्या देवघरात चप्पल घालून शिरणं घडतं. २०१७ मध्ये मॅकने नवी फाइल सिस्टिम आणली. ती नाव दिलं तसं ठेवते आणि फक्त तुलनेच्या वेळी समतुल्य रूपं एक मानते. मीमांसकाने अर्धं पाऊल मागे घेतलं म्हणा.

कोण बरोबर, हा प्रश्न आम्ही सोडवला नाही. तो सोडवायची गरजच नव्हती, आणि मला वाटतं की अशा मुक्त प्रकल्पांचं खरं तत्त्वज्ञान इथेच सुरू होतं. तीन सत्ताशास्त्रं एका खोलीत आहेत, कुणीही धर्मांतर करणार नाही, आणि काम तर उद्या सकाळी चालू व्हायला हवं. नैयायिकांकडे यावर एक औषध आहे: संकेत. शब्द आणि अर्थ यांचं नातं मीमांसकांना स्वाभाविक वाटतं. नैयायिक म्हणतात ते ठरवलेलं असतं. आम्हीही ठरवलं. तिन्ही रूपं आधी एका रूपात आणायची, मग पुढचं सगळं. युनिकोडचा स्वतःचा नियम पहिल्या दोघांना एक करतो, जॉइनरवाल्याला करत नाही. जॉइनरवाल्यासाठीचा नियम आम्ही लिहिला. शिवाय फाइलला शब्दाचं नाव द्यायचंच नाही, क्रमांक द्यायचा.

ठाण्याच्या बाईंना हे मुळीच आवडलं नाही. “अहो, पूर्वी फोल्डर उघडला की शब्द दिसायचे. मी नुसती वाचत बसायचे. आता काय, कैद्यांचे नंबर!” त्या चूक नव्हत्या. सर्वांना चालेल असं काही काढताना सर्वांनाच थोडं काहीतरी सोडावं लागतं, आणि जे सुटतं ते बहुधा सुंदर असतं. उदारतेच्या गोष्टी सांगणारे लोक हा भाग गाळतात. इंटरनेटवरून डेटा आणणारा कर्लसारखा प्रोग्रॅम शंभराहून अधिक ऑपरेटिंग सिस्टिम्सवर चालतो, कारण तो आजही सी भाषेच्या १९८९च्या प्रमाणाला धरून लिहिला जातो. नव्या सोयी समोर दिसत असताना त्यांना हात न लावणं, तेही इतकी वर्षं! मला हा वैराग्याचा प्रकार वाटतो, आणि मला स्वतःला तो जमणार नाही.

पण त्याग कुणी करायचा, हा प्रश्न त्याहून अवघड आहे. डिसेंबर २०१४ मध्ये गिट या कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये एक भोक सापडलं. गिट आपला सगळा संसार एका छोट्या लिपीतल्या, टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवतं. कुणी दुष्टाने आपल्या प्रकल्पात त्याच नावाचा, पण मोठ्या लिपीतला फोल्डर घातला, तर लिनक्सला तो वेगळा दिसतो. विंडोज आणि मॅकला तो तोच वाटतो, आणि घेणाऱ्याची व्यवस्था परक्याच्या फाइलने बदलली जाते. मॅकवर तर नावाच्या मध्ये अदृश्य जॉइनर घातला तरी भागत होतं. आमच्या तिसऱ्या आचाऱ्याची वाट हीच. लिनक्सवाल्यांना यातून काहीच धोका नव्हता. तरीही दुरुस्ती गिटमध्येच झाली, आणि २०१९च्या अखेरीस विंडोजच्या नावांची राखण गिटने सगळीकडे, लिनक्सवरसुद्धा, आपोआप सुरू ठेवली. ज्याला ताप नाही त्यानेही औषध घेतलं. फुकट कामात हे घडतं तेव्हा मला त्यात, धार्मिक शब्द वापरायचा तर, व्रत दिसतं. लोक त्याला सिक्युरिटी पॅच म्हणतात.

याच्या उलटही घडतं, आणि त्याचं उदाहरण गिटच्या भोकाच्याच वर्षातलं आहे. एप्रिल २०१४ मध्ये इंटरनेटवरची देवाणघेवाण कूटबद्ध करणाऱ्या ओपनएसएसएलमधला हार्टब्लीड हा दोष उघड झाला. मूळ चूक साधी होती, समोरच्याने सांगितलेली लांबी तपासलीच नव्हती. पण ओपनबीएसडी या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमच्या लोकांनी तो कोड उघडला तेव्हा आत भलतंच दृश्य होतं. व्हीएमएस, ओएस टू, नेटवेअर, जुना मॅक, सोळा बिटांचं विंडोज, सगळ्यांसाठी जागा राखलेल्या. आतिथ्याचं प्रदर्शनच. काही यंत्रणांवर मेमरी मागणं संथ असायचं, म्हणून ओपनएसएसएलने मेमरी सांभाळण्याची स्वतःची वेगळी सोय केली होती. ती सोय सगळ्यांनाच लागू होती. तिच्यामुळे ओपनबीएसडीसारख्या यंत्रणांत बसवलेली संरक्षणं वळसा घालून बाजूला पडत होती. कधीकाळच्या एका संथ पाहुण्यासाठी घराचं कुलूप काढून ठेवलेलं, आणि पाहुणा केव्हाच गेलेला.

त्यांनी काय केलं? लिब्रेएसएसएल नावाची वेगळी शाखा काढली आणि त्या जागा उपटून टाकल्या. प्रोग्रॅम आधी फक्त ओपनबीएसडीसाठी, निर्मळ. मग दुसऱ्यांसाठी एक वेगळी आवृत्ती, जी त्याच वर्षी जुलैमध्ये आली. त्यांच्याच ओपनएसएसएच या प्रोग्रॅमच्या बाबतीत तर ही रीत फार आधीपासूनची आहे. मूळ एकीकडे, आणि इतरांच्या घरी नेण्याची जबाबदारी घेणारे वेगळे, नावानिशी. यावर ‘हे तर आपल्यापुरतं बघणं झालं’ अशी टीका होते. मला ती पटत नाही. ज्या पाहुण्याचं ताट वाढायला घरात कुणीच नाही, त्याला ‘या, बसा’ म्हणणं हे नाही म्हणण्यापेक्षा वाईट. तो विश्वास ठेवून येतो.

आतिथ्यावरून आठवलं, जर्मन भारतविद्यावंत पाउल हाकर यांचं एक म्हणणं आपल्याकडे अनेकांना झोंबलं. भारतीय सहिष्णुता म्हणून जे मिरवतात ते बऱ्याचदा समावेशन असतं, असं ते म्हणत: परक्याला नाकारायचं नाही, आपल्याच सत्याची खालची पायरी म्हणून आत घ्यायचं. तुमचा देवही आमचाच, जरा कमी उंचीचा. शब्द टोचतो, पण अधिकारभेदाची आपली भाषा आठवली की नुसतं झटकून टाकता येत नाही. आमच्याकडेही पायऱ्या आहेत. रस्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा ऑपरेटिंग सिस्टिम्सच्या उघड तीन पायऱ्या लावते. पहिल्या पायरीवर चालण्याची हमी, दुसरीवर बांधणी होण्याची हमी, तिसरीवर कोड आहे पण आपोआप बांधून तपासला जाईलच असं नाही. हाकरना हे दाखवलं असतं तर ते म्हणाले असते, बघा!

मला मात्र यात एक मोठा फरक दिसतो. या पायऱ्या सत्याच्या नाहीत, मनुष्यबळाच्या आहेत. तिसऱ्या पायरीवरची यंत्रणा कमी पवित्र आहे असं कुणी म्हणत नाही, तिच्याकडे बघणारी माणसं कमी आहेत एवढंच म्हणतात. पायथॉन या भाषेच्या नियमात हे आणखी स्पष्ट आहे. दुसऱ्या पायरीसाठी निदान दोन मुख्य विकासकांनी जबाबदारी घ्यायची, तिसरीसाठी एकाने. माणूस मिळाला की वर चढता येतं, माणूस गेला की उतरावं लागतं. वर्णव्यवस्थेत अशी सोय नव्हती.

आणि तरीही एक प्रकरण मला नीट सुटत नाही, ते मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांच्या ईमॅक्स या मजकूर-संपादकाचं. स्टॉलमन गमतीने संताचा झगा घालतात, डोक्यामागे जुन्या कॉम्प्युटर डिस्कची प्रभावळ लावतात आणि ‘चर्च ऑफ ईमॅक्स’चे आशीर्वाद देतात. पण त्यांचा एक नियम गमतीचा नाही. ईमॅक्स मालकीच्या सिस्टिम्सवर चालायला हरकत नाही, मात्र तिथे तो मुक्त सिस्टिमपेक्षा सरस असता कामा नये. २०१६च्या आवृत्तीत मॅकवरची रंगीत इमोजी म्हणूनच बंद केली गेली. ती तिथे चालत होती. मुक्त सिस्टिमवर तशी सोय अजून नव्हती. २०२०च्या आवृत्तीत ती तिकडे आली, तेव्हा मॅकवर पुन्हा सुरू झाली. मी हे ठाण्याच्या बाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “म्हणजे शेजारणीने चतुर्थी धरली म्हणून मी पण उपाशी?”

स्टॉलमनांच्या बाजूने बोलायचं तर त्यांचा नियम सुसंगत आहे. ज्याला तुम्ही बंदिवास मानता तिथे आपल्या हाताने गादी का घालावी? पण त्या नियमात एक गृहीतक दडलं आहे, की माणूस आपली ऑपरेटिंग सिस्टिम निवडतो. आमच्या तिघांपैकी कुणी निवडली? एकाला कॉलेजच्या प्रयोगशाळेत मिळाली, एकीला मुलाकडून आली, मला नोकरीने दिली. धर्माचंही बहुतेकांच्या बाबतीत असंच असतं. जन्माला आलो तिथे जे होतं ते. मग त्यावर श्रद्धा बसते, मग कारणं सुचतात. सिस्टिमला नाकारणं आणि तिच्यात राहणाऱ्या माणसाला नाकारणं यांत तत्त्वतः अंतर आहे हे मला मान्य आहे, पण मॅकवर इमोजी न दिसणाऱ्याला ते अंतर जाणवत नसावं.

हे सगळं सध्या मनात येण्याचं कारण एका तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय. तिथल्या ग्रंथपालांना आमची शब्दसूची हवी आहे. त्यांच्याकडचा एकमेव कॉम्प्युटर विंडोज ७चा. आमचा प्रोग्रॅम पायथॉनमध्ये आहे, आणि पायथॉनने ३.९ या आवृत्तीपासून, म्हणजे २०२०पासून, विंडोज ७ सोडलं. त्याआधीच्या ३.८ला सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणंही २०२४ मध्ये थांबलं. वाचनालयाने हे यंत्र तत्त्वासाठी ठेवलेलं नाही, अनुदानाच्या कुठल्याशा वर्षी ते आलं आणि अजून चालतं.

“ताई, कुणालाच नाही म्हणायचं नाही असं आपलं ठरलं होतं ना?” नागपूरच्या मुलाने विचारलं. मी म्हटलं, ठरलं होतं, पण बघणार कोण हे ठरलं नव्हतं. आमच्या माहितीच्या पानावर आता एक तक्ता आहे: डावीकडे सिस्टिम, उजवीकडे तिच्याकडे बघणाऱ्याचं नाव. विंडोज ७च्या ओळीत उजवा रकाना मोकळा आहे आणि खाली लिहिलं आहे, की प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती उतरवून घेता येईल, इंटरनेटला न जोडलेल्या यंत्रावरच वापरावी, आणि सध्या तिची तपासणी कुणी करत नाही. त्याला हे वाक्य उद्धट वाटतं. मला ते तसंच ठेवायचं आहे.

ग्रंथपालांचा परवा फोन आला. त्यांना तक्त्याशी फारसं देणंघेणं नव्हतं. सूची त्यांच्या प्रिंटरवर देवनागरीत नीट छापली जाईल का आणि रेघेचा र तुटणार तर नाही ना, एवढंच त्यांना हवं होतं. ते सांगायला विंडोज ७ चालू असलेलं एखादं यंत्र समोर पाहिजे, आणि आमच्यापैकी कुणाकडे ते नाही. ठाण्याच्या बाई म्हणतात, त्यांच्या सोसायटीच्या ऑफिसात एक आहे, मेंटेनन्सच्या पावत्या अजून त्याच्यावरच निघतात. रविवारी सेक्रेटरींना विचारून बघणार आहेत.